घरूनच आशीर्वाद

इंटर्नशिप म्हणजे नेमकं काय, हे मला आधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यामुळे शेजारणीनं विचारलं तेव्हा मी सरळ सांगून टाकलं, भावाची पोरगी शिकाऊ उमेदवारीला आली आहे. ती म्हणाली, "वायरमनच्या का?" मी म्हटलं, "नाही गं, कॉम्प्युटरच्या." तिनं मान हलवली, पण तिच्या डोक्यातून वायरमन काही गेला नाही. पुढे पंधरा दिवसांनी तिच्या कूलरचा पंप बंद पडला तेव्हा ती माझ्या भाचीलाच बोलवायला आली होती.

भाऊ माझा धुळ्याला असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. "अक्का, पोरीला दोन महिने तुझ्याकडे पाठवू का? जळगावात एक नवी कंपनी निघाली आहे, तिनं स्वतःच शोधली. मी म्हणतोय पुण्यात बघ, मोठी कंपनी बघ. ऐकत नाही."

"मोठी कंपनी घेत होती का तिला?"

"तेही नाही म्हणा."

"मग पाठव की. इथं मी एकटीच कूलरसमोर बसलेली असते. दोघी बसू."

अशी ती आली. इंजिनीयरिंगचं तिसरं वर्ष संपलेलं, पाठीवर एक सॅक आणि हातात आईनं दिलेला शेवेचा डबा. घरात आली की तोंड थांबत नाही आणि चार परकी माणसं दिसली की तोंड उघडत नाही, असा स्वभाव. बोलण्यात माझ्यावर गेली आहे आणि न बोलण्यात तिच्या बापावर.

कंपनी म्हणजे काय, तर पाइपांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. पहिल्या दिवशी डबा विसरली म्हणून मी रिक्षा करून द्यायला गेले. मला वाटलं होतं काचेचं दार असेल, वॉचमन असेल. जिन्यात पाइपांची भेंडोळी पडलेली, ती ओलांडून वर गेले तर सगळे पंख्याखाली चपला काढून बसलेले. मालक तिशीचा पोरगा. पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आलेला. सगळे त्याला दादा म्हणत होते. बाकी दोन मुलं कानात गाण्याचे बोळे घालून बसली होती, त्यांनी मान वर केली नाही, पण डब्यातल्या शेवभाजीचा वास गेल्यावर एकानं एक बोळा काढला.

मी मालकाला विचारलं, "काय विकता तुम्ही?"

तो म्हणाला, "आत्या, आम्ही आचाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. माणसं किती येणार ते मोबाईलमध्ये टाकलं की डाळ किती, पीठ किती, तेल किती, गॅसच्या टाक्या किती, सगळं समोर येतं."

"आणि चव?"

"ती आचाऱ्याची."

उत्तर मला आवडलं. पोरगी बऱ्या ठिकाणी आली आहे असं मी त्याच दिवशी भावाला कळवून टाकलं.

सुरुवातीला तिला बारीकसारीक कामं होती. हे बटण इकडून तिकडे ने, 'तूरडाळ' चुकीचं लिहिलंय ते नीट कर. पण एवढ्यावरही ती इतकी खूश. मी पहाटे गच्चीवर बिबडे घालत असायची, म्हणजे ज्वारीचे पापड, आमच्याकडे उन्हाळ्यात ते झालेच पाहिजेत. ती प्लास्टिकच्या कागदाची टोकं धरून बसायची आणि काल काय झालं ते सांगायची.

"आत्या, काल माझं कोड गेलं."

"अगं बाई. कुठं गेलं?"

"लाइव्ह गेलं."

"मग परत कधी येणार?"

ती हसून हसून कागद सोडून द्यायची आणि माझा बिबडा वाकडा व्हायचा. त्या वर्षीचे माझे सगळे बिबडे वाकडे आहेत.

मग तिला एक खरं काम मिळालं. मालकाच्या डोक्यात होतं की आचाऱ्याला माणसांचा आकडा कुणीतरी अंदाजानं सांगतो, तो आकडाच चुकतो, म्हणून पुढचं सगळं चुकतं. तेव्हा आमंत्रण मोबाईलवरच जावं आणि ज्याला आमंत्रण गेलं त्यानं मोबाईलवरच सांगावं, येतो की नाही. खाली दोन बटणं. हिरवी खूण 'येणार', लाल फुली 'येणार नाही'. हे पान बनवायचं काम तिच्याकडे आलं.

तिनं त्यात स्वतःची एक भर घातली. 'येणार' दाबलं की पुढं विचारायचं, एकटे की चूलबंद, आणि चूलबंद तर घरात माणसं किती? आता चूलबंद म्हणजे आपल्याकडे सांगायला नको, पण शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. चूलबंद आमंत्रण असलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी कार्यात जेवायचं. आणि चूलबंद नसेल तर घरातून एकानं जाऊन यायचं. एकाच आमंत्रणाचा एक माणूसही होतो आणि चौदाही होतात. मालक पुण्यात राहून हे विसरलाच होता. त्यानं ते पान बघितलं आणि म्हणाला, "हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. हे पान तुझंच. एखाद्या कार्यात चालवून दाखव. चाललं तर शेवटच्या वर्षाला शनिवार-रविवार धुळ्याहून येत जा, आणि कॉलेज संपलं की इथंच ये."

हे तिनं मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. चप्पल काढायचीही विसरली होती. मला म्हणाली, "आत्या, मला पुण्याला नाही जायचं. मला इथंच हे काम करायचंय. पप्पांना आत्ता काही सांगू नकोस. आधी पान चालू दे."

मी म्हटलं, "चालेल." आणि कणकेचा हात धुऊन तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

पहिलं कार्य जळगावातलंच निघालं, एक साखरपुडा. स्वयंपाक ज्यांच्याकडे होता ते आचारी म्हणजे कंपनीचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांना सगळे नाना म्हणतात. धरणगावकडचे, बोलणं सगळं खानदेशी, आणि वरण-बट्टीला त्यांच्यासारखा हात नाही. बट्टी म्हणजे जाडसर कणकेचे गोळे आधी वाफवायचे, मग कापून तळायचे, आणि तुपात बुडवून वरणाबरोबर खायचे. सोबत वांग्याची घोटलेली भाजी. आता हे काही ऐनवेळी झटपट वाढवता येत नाही आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी दगड होतं. म्हणून नानांना आकड्याची फार काळजी.

साखरपुड्याचं घर माझ्या ओळखीचं होतं, मलाही आमंत्रण आलं होतं मोबाईलवर. भाचीनं बनवलेलं पान माझ्या हातात. मी चष्मा लावून कौतुकानं हिरवं बटण दाबलं. असं सगळ्यांनीच दाबलं. रोज संध्याकाळी ती आकडा बघायची आणि नाचायची. "आत्या, जवळजवळ सगळे येणार आहेत. लाल फुली कुणीच दाबली नाही." मालकानं तो आकडा नानांना पाठवला, नानांनी त्यावर पीठ मळलं.

साखरपुड्याला ती गेली. मी काही गेले नाही, गुडघा दुखत होता. दुपारी परत आली ती पडलेलं तोंड घेऊन. "निम्मेच आले," एवढंच बोलली आणि कूलरसमोर पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कंपनीत आले. हातात टोपलं, टोपल्यात उरलेल्या बट्ट्या. ते टोपलं त्यांनी थेट मालकाच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "ल्या, आते तुमना मोबाईलले खावाडा." मोबाईललाच खायला घाला म्हणे.

कानात बोळे घातलेल्या मुलांनी दोन दिवस त्या बट्ट्या कुस्करून साखर-तूप घालून खाल्ल्या, ते वेगळं. पण पोरीच्या जिवाला लागलं. मालक रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं. तो म्हणाला, "बघ, पुढच्या आठवड्यात नानांकडे धरणगावजवळच्या एका गावातली हळद आहे. यजमान तयार आहेत. ती एक बघू. तिथंही असंच झालं तर हे पान काढून टाकू, नाना आपल्या अंदाजानं करतील. मग तू बाकीचं काम कर महिनाभर आणि सर्टिफिकेट घेऊन जा."

सर्टिफिकेट घेऊन जा म्हणजे परत येऊ नको, हे तिला कळलं होतं.

मग तिनं चूक शोधायला घेतली. जेवताना लॅपटॉप, कूलरसमोर लॅपटॉप. मी विचारायची, "सापडली का?" ती म्हणायची, "आत्या, चूकच नाहीये. ज्यानं जे दाबलं तेच मोजलंय." मी म्हणायची, "मग यंत्राला उन्हानं भोवळ आली असेल." जळगावचं ऊन आहे, मला अगदी शक्य वाटत होतं.

आणि मग ती गोष्ट घडली. म्हणजे माझ्यामुळेच घडली, पण मला त्याचा पत्ता नव्हता.

मी लसूण सोलत बसले होते आणि नरडाण्याहून फोन आला. नणंदेच्या जावेकडे नातवाचं जावळ होतं. मी म्हटलं, "हो हो, येणार ना. न यायला काय झालं? जावळ आहे लेकराचं, आलंच पाहिजे. हो, नक्की. सगळ्यांना सांगा." फोन ठेवला आणि पुढची पाकळी घेतली.

भाची म्हणाली, "आत्या, कधी जायचंय नरडाण्याला? मी सोडते तुला स्टेशनवर."

"कोण जातंय नरडाण्याला?"

"तू. आत्ता म्हणालीस ना."

"या उन्हात? वेड लागलंय का? गुडघे राहतील का माझे?"

"मग येणार का म्हणालीस?"

"मग काय म्हणू?"

"नाही जमणार म्हण."

मी सुरी खाली ठेवली. "अगं, लेकराचं जावळ आहे. शुभकार्य आहे. ती बाई एवढी आनंदानं बोलावतेय आणि मी तोंडावर नाही म्हणू? पहिल्या बोलावण्यालाच नाट लावू? येणार म्हणायचं, आणि मग जमलं नाही तर नाही जमलं."

"पण मग त्यांना कळणार कसं तू येणार नाहीस ते?"

"त्यांना माहीतच असतं गं. त्यांनासुद्धा ठाऊक आहे माझे गुडघे कसे आहेत."

तिनं लॅपटॉप मिटला. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आत्या, साखरपुड्याला तू काय दाबलं होतंस?"

"हिरवं."

"आणि गुडघा ऐनवेळी दुखला."

"गुडघा आधीपासूनच दुखत होता. मी जाणारच नव्हते."

एवढं बोलले आणि माझं मलाच हसू आलं. ती तर जमिनीवर आडवी झाली हसत. लसणाची सालं घरभर. म्हणाली, "दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधतेय आणि चूक इथं लसूण सोलत बसलीये."

त्या संध्याकाळी तिनं साखरपुड्याला न आलेल्या काही लोकांना फोन लावले. फोन करण्याआधी दोन ग्लास पाणी प्याली, परक्यांशी बोलायचं म्हणून. मला शेजारी बसवलं. पहिल्या बाई म्हणाल्या, "अगं, आम्ही मनानं आलोच होतो." दुसरे गृहस्थ म्हणाले, "लाल फुली? साखरपुड्याच्या आमंत्रणावर मी लाल फुली मारू? माझ्या हातानं?" आणि एक आजोबा, खेड्यावरचे, ते म्हणाले, "नही कसं दाबू, बेटा? शुभकार्य शे. मन ते तठेच व्हतं."

फोन ठेवून ती म्हणाली, "आत्या, म्हणजे माझं बटणच अशुभ आहे."

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आपण होऊन बोलली. हे मला मालकानं नंतर सांगितलं. एरवी मान खाली घालून बसणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, लोक खोटं बोलत नाहीयेत. आपण त्यांना चुकीचं विचारतोय." मालक म्हणाला, "नाही म्हणायला काय जातं त्यांचं? साधी माहिती हवी आहे आपल्याला." ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या आईला विचारा. तुमच्या मामाच्या घरचं लग्न आहे आणि मोबाईलवर लाल फुली दाबायची आहे, दाबेल का?" त्यानं तिथल्या तिथं आईला फोन लावला. आई म्हणाली, "कुणाचं लग्न ठरलं? तुझं का?" पुढं बराच वेळ तो आपलं लग्न ठरलं नाही हेच समजावत होता, आणि शेवटी आई म्हणाली, लाल फुली मी नाही बाई दाबणार.

मग 'येणार नाही'च्या जागी काय लिहायचं, याचा शोध सुरू झाला. तो आमच्या घरी, जेवणाच्या ताटावर. बोळेवाल्या मुलांपैकी एकानं सुचवलं होतं, 'बघतो'. मी म्हटलं, "बघतो ठेवलंस तर अख्खा जिल्हा बघतो दाबेल आणि बसून राहील." 'जमणार नाही' तर फुलीचंच दुसरं रूप. 'पुढच्या वेळी' म्हटलं तर काय, नवरदेवाची पुढची हळद? ती म्हणाली, "आत्या, तू जात नाहीस तेव्हा नंतर काय म्हणतेस त्यांना?"

मी म्हटलं, "काय म्हणणार? बाई गं, यायला जमलं नाही, पण आशीर्वाद आहेत हो, घरूनच दिले."

ती घास हातातच ठेवून उठली. लॅपटॉपला खरकटा हात लावू नको म्हणून मी ओरडले, पण तिनं डाव्या हातानं लिहिलं. घरूनच आशीर्वाद.

त्यातही एक अडचण निघाली. मालक म्हणाला, "मी काकांच्या कार्याला आशीर्वाद कसे देणार? मी लहान आहे." बरोबरच होतं. मग वयानं लहान असणाऱ्यांसाठी 'घरूनच शुभेच्छा' असं जोडीला आलं. लाल फुली गेली, जोडलेल्या हातांचं चित्र आलं, बटणाला हळदीचा पिवळा रंग आला. मी चष्मा लावून बघितलं आणि खरं सांगते, मला ते दाबावंसं वाटलं.

हळदीचं आमंत्रण गेलं. एक-दोन दिवसांत पिवळं बटण दाबलं जायला लागलं. नुसतं दाबलं जात नव्हतं, लोक खाली लिहीतही होते, जोडा सुखी राहो, लेकराला ऊन लागू देऊ नका. येणाऱ्यांचा आकडा मात्र खाली यायला लागला. यजमानांनी बोलावलेल्या घरांतली एवढी घरं येणार नाहीत, हे नानांना पटेना. ते ऑफिसात आले. या वेळी मीही तिथं होते, डब्याच्या निमित्तानं.

नाना तिला म्हणाले, "पोरी, आख्खं गाव जेवाले येई. कमी पडनं ते लोके तुना मोबाईलनं नाव लेतीन का? मनं नाव लेतीन."

नाव नानांचंच खराब होणार, हे खरं होतं. उरलं तर चार शब्द ऐकावे लागतात. हळदीच्या मांडवात पंगत बसलेली असताना बट्टी संपली, तर त्या आचाऱ्याला परत कुणी बोलावत नाही आणि यजमानाची मान खाली जाते. मालकही डळमळला. म्हणाला, "नाना, थोडं वाढवूनच करा."

भाची म्हणाली, "नाना, थोडं म्हणजे किती? तुम्ही थोडं म्हणाल आणि साखरपुड्याएवढं होईल. आकड्याइतकंच पीठ मळा. जास्तीचं पीठ पोत्यात कोरडं बरोबर घ्या. लागलंच तर पहिली पंगत बसली की मळा. नाही लागलं तर पोतं परत."

नानांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, जशी काही मला बट्टीच्या धंद्यातली अक्कल आहे. नाना म्हणाले, "चाल, तुनं ऐकस."

हळदीच्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या बसनं निघालो. हो, या वेळी मी खरंच गेले, गुडघ्याला पट्टा बांधून. कापसाची रानं नांगरून पडलेली, त्यांवरून वाफा निघत होत्या, आणि ती मोबाईलवर आकडा बघत होती, जणू बघितल्यानं तो हलणार होता.

मांडव शाळेच्या मैदानात होता. मालक आधीच आला होता. नानांच्या चुलीवर वरण रटरटत होतं, तूप गरम होत होतं, आणि एका कडेला ते पिठाचं पोतं तोंड बांधून बसलेलं. भाची त्या पोत्यापासून हलेना. पहिली पंगत बसली, उठली. दुसरी बसली. वाढपी टोपली घेऊन धावत होते. नाना झाऱ्यानं तुपातून बट्ट्या काढत होते आणि मधूनमधून तिच्याकडे बघत होते.

दुसरी पंगत अर्ध्यात आली आणि मैदानात एक टेम्पो येऊन थांबला. मागचं फळकं पडलं आणि माणसं उतरायला लागली. बायका, पोरं, म्हातारे, एकानं कडेवर घेतलेलं, एकीच्या हाताला धरलेलं. उतरताहेत, उतरताहेत, संपेचनात. नानांनी झारा तसाच धरून ठेवला. मालक बोटांवर माणसं मोजायला लागला. नानांनी पोत्याच्या दोरीला हात घातला.

"थांबा," भाची म्हणाली. ती उन्हात धावत टेम्पोजवळ गेली आणि फळक्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "भाऊ, कुठून आलात?"

"एरंडोलहून. आम्ही चूलबंद दाबलं होतं ना."

तिनं मोबाईल बघितला. होतं. चूलबंद, आणि घरात किती ते त्यानंच भरलेलं. टेम्पोतला ड्रायव्हरसुद्धा मोजला होता त्यानं. ती परत आली, नानांच्या हातातून पोत्याची दोरी सोडवली आणि म्हणाली, "नाना, हे आपल्यातलेच आहेत. मोजलेले."

मी तिथंच एका खुर्चीवर बसले. गुडघ्याचा पट्टा सोडून परत घट्ट बांधला.

शेवटची पंगत वाढप्यांची आणि बँडवाल्यांची. बट्टी पुरली, वरण पुरलं. भांड्याच्या तळाशी वांग्याची भाजी राहिली, तेवढी कुठल्याही कार्यात राहतेच. पोतं न उघडता नानांच्या गाडीत चढलं. नानांनी ते स्वतः उचलून ठेवलं, हात झटकले आणि मालकाला म्हणाले, "पुढला रविवारना साखरपुडाले बी हाईच पान धाडजो."

मालक तिच्याकडे आला. तोंडभर हसत होता. म्हणाला, "कॉलेज सुरू झालं की शनिवारी धुळ्याहून पहिली गाडी किती वाजताची असते?"

ती म्हणाली, "शोधून ठेवलीये."

तिनं मांडवाच्या खांबाला टेकून बापाला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू आली. "पप्पा, पान चाललं... अहो पान म्हणजे झाडाचं नाही... हो, दर शनिवारी... नाही, पुण्याला नाही... हो, आत्या आहे ना इथं." मग तिनं फोन माझ्याकडे दिला. भाऊ म्हणाला, "अक्का, खरंच चाललं का?" मी म्हटलं, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. गावानं जेवून ढेकर दिली." तो म्हणाला, "मग राहू दे बाई, शनिवारचं करू." आणि त्यानं लगेच विचारलं की मला जेवायला मिळालं की नाही.

एवढ्यात नवरदेवाची आजी आली. काठी टेकत, पदराला हळद लागलेली. तिनं भाचीला विचारलं, "तूच का व मोबाईलवाली? आशीर्वाद कोनी कोनी धाडात?"

भाचीनं पिवळ्या बटणाची नावं काढली आणि हळू आवाजात वाचायला लागली. आजी म्हणाली, "जोरमा वाच. माले ऐकू येत नही." कुणीतरी तिच्या हातात मांडवातला माईक दिला. मला वाटलं, आता ही पळून जाते. पण ती उभी राहिली. पारोळ्याच्या मावशी, घरूनच आशीर्वाद. अमळनेरचे फौजदारकाका, घरूनच आशीर्वाद, लेकराला ऊन लागू देऊ नका. चोपड्याची आत्या, बिबडे घालणं चालू आहे म्हणून येता येत नाही, घरूनच आशीर्वाद. मैदानभर तिचा आवाज जात होता. प्रत्येक नावाला आजी मान हलवायची, आणि नवरदेव, अंगभर हळद माखलेला, पाटावरून वळून वळून त्या त्या गावाच्या दिशेला हात जोडायचा. त्याच्या मित्रांनी त्यावरून त्याला भंडावून सोडलं, चोपडा तिकडे नाही रे, इकडे, असं म्हणून त्याला दोनदा गोल फिरवला.

नानांनी मात्र केव्हाची दोन पत्रावळींवर बट्टी कुस्करून वर तूप सोडून ठेवली होती, एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. ते चुलीजवळून हाका मारत होते, "आते जेवाले बस व माय, बट्टी थंडी व्हई ऱ्हायनी." तिनं एका हातानं त्यांना थांबा अशी खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.